खालच्या ओळीत वेगळंच होतं

रविवारी संध्याकाळी आमच्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांवर गोधड्या टांगल्या जात. उन्हाळ्यात त्या वेळी बाहेर चांगला उजेड असे, आणि आमच्या जुन्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर उजेड पडला की नुसत्या राखाडी सावल्या दिसत. म्हणून आई स्टुलावर चढून खिळ्यांना गोधड्या अडकवायची, माझी धाकटी बहीण बेबी खालून टोकं धरायची, आणि मी दारातल्या चपला एका रांगेत लावायची, कारण अर्धी चाळ आमच्याकडे येणार असायची. घाटकोपरच्या टेकडीखालची ती बैठी चाळ. बहुतेक घरं कोकणातली आणि बहुतेक पुरुष नाहूरच्या एकाच पंपांच्या कारखान्यात कामाला. आई सकाळीच काळे वाटाणे भिजत घालायची. गोधड्या लागल्या की खोलीत वाटाण्याच्या उसळीचा, घामाचा आणि ओल्या शाईचा असा एक मिळून वास कोंडायचा. आजही कुठल्या छापखान्यात गेले की मला भूक लागते. माझ्या नातीला हे विनोदी वाटतं.

शाईचा वास येई तो पत्रकांचा. आमच्या घरात देव नव्हते. देवाच्या कोनाड्यात बाबांनी पत्रकांचे गठ्ठे रचले होते. मी अक्षरं शिकले तीही पत्रकांवरच; 'कमळ', 'बदक' यांच्याआधी मला 'बंधूंनो' वाचता येत होतं. पाचवीत असताना मी बाबांना विचारलं होतं, की नुसतं बंधूंनो का, आई घड्या घालते ती कोण? पुढच्या पत्रकापासून 'बंधूंनो आणि भगिनींनो' आलं, आणि बाबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवताना माझ्याकडे बोट केलं. त्या एका बोटावर मी कितीतरी वर्षं जगले. बाबा कारखान्यातल्या युनियनच्या कमिटीवर होते आणि पत्रकं तेच लिहीत. मजकूर झाला की पहिली वाचायला मला देत. मी चूक काढली तर खूश होत.

सिनेमे दाखवायची कल्पनाही त्यांचीच. आईचा भाऊ मस्कतला होता, त्याने आणलेला व्हीसीआर त्याच्या घरी ठेवायला जागा नाही म्हणून आमच्याकडे पडून होता. हजारो पत्रकांच्या घड्या घालायला माणसं हवी असत आणि नुसतं बोलावलं तर येत नसत. 'सिनेमा आहे' म्हटलं की येत. प्रत्येकाच्या डाव्या हाताला सपाट पत्रकांचा गठ्ठा, उजव्या हाताला घडी घातलेली, हातात लाकडी पट्टीचा तुकडा. डोळे पडद्यावर आणि हात आपले चालू. पट्ट्यांचा तो सर्र सर्र आवाज कधी थांबत नसे. भांडणाचा किंवा उड्डाणाचा प्रसंग आला की तो एकदम वेगाने व्हायचा, आणि बाबा हसून म्हणायचे, "बघा, राक्षस आला की उत्पादन वाढतं."

सिनेमे हिंदी नसत. बाबा फोर्टातल्या एका परदेशी सांस्कृतिक केंद्राच्या वाचनालयाचे सभासद होते, तिथून कॅसेटी आणत. पूर्व युरोपातल्या कुठल्याशा भाषेतले, जादूचे, राक्षसांचे, बोलणाऱ्या जनावरांचे सिनेमे. भाषा कुणालाच कळत नसे, बाबांनाही नाही. पण पडद्याच्या खालच्या बाजूला इंग्रजीत ओळ यायची आणि बाबा ती वाचून आम्हाला मराठीत गोष्ट सांगायचे. रात्रशाळेत मॅट्रिक झालेला माणूस, शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी शिकलेला. आख्ख्या चाळीत तेवढ्या वेगाने इंग्रजी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. सिनेमांची नावंही आम्हीच ठेवलेली. 'काचेचा घोडा', 'सावल्यांचा बाजार' आणि सगळ्यात लाडका 'घंटेचं गाव'. टीव्हीत रंग नव्हते, तर बाबा रंगही सांगायचे. "मुलीचा झगा लाल आहे हं. आणि जादूगाराची दाढी निळी." आम्हाला ती निळी दिसायचीच.

'सावल्यांचा बाजार'मध्ये एक म्हातारी गरिबांच्या सावल्या विकत घेते. ती आली की बाबा आवाज चिरका काढायचे. "पोरी, तुझी सावली मला दे, मी तुला पोटभर भाकरी देते."

"बाबा, तिकडे भाकरी असते?" बेबीने एकदा विचारलं.

"भाकरी सगळीकडे असते. मिळत नाही, एवढंच."

"दादा," दाराशी बसलेले सावंतकाका म्हणाले, "ह्या म्हातारीक आपल्या कारखान्यात पर्सनल म्यानेजर करूया. आमच्या सावल्येवर पण हिचो डोळो आसा."

खोली हसली. पट्ट्या मात्र चालूच. सावंतकाका कारखान्यात टर्नर होते. आमच्या समोरच्या खोलीत ते आणि काकी राहत. काकांची जागा ठरलेली, दाराच्या चौकटीला पाठ टेकून, म्हणजे विडी ओढायला पटकन बाहेर जाता यावं. बाबांवर त्यांचा जीव होता. बाबा वयाने लहान, तरी ते त्यांना दादा म्हणत.

'घंटेचं गाव' सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डोंगरावरच्या वाड्यात एक जादूगार राहतो. खालच्या गावातले लोक घंटा ओतणारे कारागीर. भाकरीच्या बदल्यात त्याने सगळ्यांचे आवाज काढून घेतलेत आणि एका प्रचंड घंटेत कोंडून ठेवलेत. गावातली एक मुलगी बापाचा हातोडा घेऊन मनोऱ्यावर चढते आणि घंटा फोडते. आवाज सुटतात. मग शेवटी वाड्याचं फाटक उघडतं आणि सगळं गाव डोक्यावरच्या टोप्या हातात घेऊन आत शिरतं. वर सज्जात जादूगार हात उंचावून उभा. इथे बाबांचा आवाज आधी खाली जायचा, कुजबुजीइतका, आणि मग चढायचा. "बघा. हात वर केले त्याने. शरण आलाय. गाव म्हणतंय, हा वाडा आमच्या हातांनी बांधलाय, आता आम्ही इथे राहणार!" टाळ्या पडायच्या. एकदा मी विचारलं होतं, टोप्या का काढल्या? "आनंदाने उडवायला," बाबा म्हणाले. टोप्या उडायच्या आत सिनेमा संपायचा, पण मी त्या रोज झोपण्यापूर्वी उडवत असे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी 'घंटेचं गाव'वर बोलले. कॉलेजात गेल्यावर तिथल्या भित्तिपत्रकात पहिला लेख लिहिला तो त्यावरच: जगाच्या दुसऱ्या टोकालाही माणसं हेच सांगतायत, असा. खाली माझं नाव, ठसठशीत.

त्याच वर्षी कारखान्याला टाळं लागलं. मालकांनी लावलेलं, कामगारांनी नव्हे, हे बाबा प्रत्येकाला बजावून सांगत. पुरुष सकाळी डबा घेऊन नाहूरला जात, फाटकाबाहेरच्या मंडपात बसत आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत येत. मालक मंडळी बाहेरची, वाटाघाटी इंग्रजीत चालायच्या. कमिटीतल्या बाकीच्यांना इंग्रजी येत नसे. ते बाबांच्या शेजारी बसत, आणि बैठक संपली की बाबा फाटकापाशी स्टुलावर उभं राहून काय झालं ते सगळ्यांना मराठीत सांगत. आमच्या घरी पत्रकं वाढली, तसे सिनेमेही वाढले. काळे वाटाणे मात्र बंद झाले. आई चहातच पाणी वाढवू लागली, आणि लोक तो उसळीइतकाच चवीने प्यायचे.

अशा एका रविवारी 'घंटेचं गाव' लागला होता. मी कॉलेजात विज्ञानाला होते, सगळी पुस्तकं इंग्रजीत. वर्षभर रडत, शब्द शोधत मी ती वाचली होती. इंग्रजी वाचता येऊ लागलं हे माझ्या कधी लक्षात आलं नाही, कारण सिनेमा बघताना मी खाली बघतच नसे. बघायची गरजच काय, बाबा होते ना. त्या दिवशी गठ्ठ्यातलं एक पत्रक घसरून टीव्हीपुढे गेलं, ते घ्यायला मी गुडघ्यावर पुढे सरकले आणि ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली. मी ती वाचली. पुढचीही वाचली. म्हटलं, अरे, मला येतंय! मला हसू फुटलं. बाबांना सांगावं म्हणून मी वळणार तेवढ्यात मागून बाबांचं वाक्य आलं, आणि ते त्या ओळीत नव्हतं.

मला वाटलं, माझंच चुकतंय. मी तिथेच बसून राहिले. पुढची ओळ, पुढचं वाक्य. कधी जुळत होतं, कधी नव्हतं. मग फाटक उघडलं. गाव टोप्या काढून आत शिरलं. ती मुलगी, हातोडेवाली, जादूगाराकडे बघून बोलली, आणि खाली जे आलं त्याचं मराठी एवढंच होतं: धनी, क्षमा करा. तुमची वस्तू आम्ही मोडली. आम्हाला आत घ्या. सज्जातला जादूगार म्हणाला, या, घंटा पुन्हा ओतायची आहे. माझ्या मागे बाबा म्हणत होते, "हा वाडा आमच्या हातांनी बांधलाय..." आणि टाळ्या.

दुसऱ्या दिवशी बाबा मोरीत दाढी करत होते तेव्हा मी विचारलं. ते आरशातच हसले. "सापडलं तुला? कधी ना कधी सापडणारच होतं."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम—"

"मी दुरुस्त केलं. चुकीचं छापलंय म्हणून काय चुकीचंच वाचायचं?"

"पण मी कॉलेजात लिहिलंय त्यावर! माझ्या नावाने!"

"छान लिहिलंयस की. त्यातलं खोटं काय आहे? माणसांनी तसंच करायला हवं होतं."

आई चुलीपाशी होती. ती मान वर न करता म्हणाली, "मला ठाऊक होतं. ती पोर फाटकात रडते कशी बघ. जिंकलेलं माणूस तसं रडत नाही."

मला राग आला होता, पण तो पूर्ण नव्हता, हे खरं. बापाने पोरांसाठी गोष्ट गोड केली, यात मोठा गुन्हा तो काय, असंही वाटत होतं. लेख मी भित्तिपत्रकातून काढून घेतला, विचारणाऱ्या मैत्रिणींना काहीबाही सांगितलं. गोष्ट तिथेच मिटलीही असती. पण त्याच आठवड्यात संध्याकाळी सावंतकाका आले. नेहमीसारखे दाराशी टेकले नाहीत, आत येऊन बसले. चेंबूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर हवा होता. ओळखीतून आलेलं काम, शनिवारपर्यंत हो-नाही सांगायचं होतं.

"दादा, माका काय ता खरा सांगा. आपलो कारखानो उघडात काय? उघडणार आसात तर मी नाय म्हणान सांगतंय त्यांका. आपली माणसा सोडून खय जाव?"

बाबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज खाली गेला, कुजबुजीइतका. "सावंत, कुणाला बोलू नका. ते नरमलेत. परवाच्या बैठकीत साहेबाचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही." आणि मग आवाज चढला. "पंधरा दिवसांत फाटक उघडतंय की नाही बघा!"

सावंतकाकांच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं मला दिसलं. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. तो आवाज मी ओळखत होते. तो खाली कुठे जातो आणि वर कुठे येतो, हे मला लहानपणापासून पाठ होतं.

काका गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, आणि खालच्या ओळीत काय होतं?"

त्यांना तत्काळ समजलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. आमच्या चाळीत दिवसाउजेडी कुणी दार लावत नसे.

"मशिनं हलवणारेत," ते म्हणाले. "गुजरातेत शेड बांधून तयार आहे. पहिल्याच बैठकीत सांगितलं त्यांनी."

"पहिल्याच? कमिटीला माहितेय?"

"कमिटीला मी सांगतो तेवढंच माहितेय."

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एवढं पक्कं आठवतं, की मी कोनाड्यातून एक जुनं पत्रक ओढून काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. "हे तुम्हीच लिहिलंय ना? 'कामगाराला प्रत्येक गोष्ट कळलीच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे'?"

"ते मालकांना उद्देशून आहे, शालन."

"आणि तुम्ही?"

"मी सांगितलं, तर उद्या सकाळी जो तो आपापली वाट धरेल. फाटकावर उरेल कोण? चारशे माणसं बसली आहेत म्हणून ते अजून बोलायला तरी येतात. विखुरली की कुत्रं विचारणार नाही. मी त्यांना एकत्र ठेवतोय."

"वाट धरायची की बसायचं, हे त्यांनी ठरवायचं ना? तुम्ही कोण?"

"सोमवारी मोठी बैठक आहे. तोपर्यंत गप्प राहा. काहीतरी काढतो मी त्यांच्याकडून."

"अहो, सावंतांना तरी सांगा," आई म्हणाली. "शनिवारनंतर ती जागा राहायची नाही. काकीला दम्याचा त्रास. काय करतील ती दोघं?"

"एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगितलं," बाबा म्हणाले, आणि पुन्हा दार उघडून लिहायला बसले.

आज त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा मी मोठी आहे. सभा, संघटना, वाटाघाटी मीही पुष्कळ पाहिल्या. लोक एकत्र ठेवणं किती अवघड असतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको. बाबा विकले गेले नव्हते. मालकांकडून त्यांनी चहासुद्धा घेतला नसेल. हे सगळं मान्य करूनही मी सांगते, की त्या दिवशी त्यांनी जे केलं ते मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. ज्या माणसाला इंग्रजी येत नाही, त्याच्या आणि सत्याच्या मध्ये तुम्ही उभे असता, तेव्हा तुमच्या तोंडात त्याचं आयुष्य असतं. ते दुरुस्त करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

शुक्रवारी चाळीमागच्या कठड्यावर सावंतकाका स्टोव्हला पिन मारत बसले होते. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. ते पिन मारतच राहिले. मग म्हणाले,

"तुझ्या बाबांनी तुका सांगल्यानी ह्या?"

"हो."

"आणि माका नाय सांगल्यानी."

त्यांनी स्टोव्ह खाली ठेवला, हात फडक्याला पुसले. इतका वेळ पुसले की फडकं काळं आणि हात तसेच राहिले.

"बरा. मी चेंबूराक जातंय. तुझा नाव घेवचंय नाय, आणि दादांचापण नाय. तू लिखापडीतला चेडू, तुका घरात रवाचा आसा."

शनिवारी त्यांनी होकार कळवला. सोमवारच्या बैठकीनंतर बाबा स्टुलावर उभे राहिले आणि मालक आणखी नरमल्याचं सांगितलं. ते मला बेबीकडून कळलं, ती आईबरोबर मंडपात गेली होती. मंगळवारपासून सावंतकाका मंडपात दिसेनात, तेव्हा चाळीत कुजबूज सुरू झाली. का गेलात, असं लोकांनी विचारलं तर काका फक्त म्हणायचे, "माका गरज होती." चाळीच्या नळावर काकींचा हंडा मागे सरकवला जाऊ लागला. त्यांच्या दारावर कुणीतरी खडूने शब्द लिहिला, तो काकींनी ओल्या फडक्याने पुसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेला होता. मी बाबांकडे बघायची. एक वाक्य पुरलं असतं. चाळीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. बाबा येता-जाता ते दार बघत आणि आपल्या दारात चपला काढून आत येत.

पुढच्या रविवारी नवे गठ्ठे आले. या वेळी मजकूर मला आधी दाखवला नव्हता. माणसं जमली, गोधड्या लागल्या. दाराच्या चौकटीपाशी मोरे बसले होते, कारखान्यातले फिटर, जिथे काका बसायचे तिथे. बाबांनी 'घंटेचं गाव' लावला. लोकांनी तोच मागितला होता. मी पहिलं पत्रक उचललं आणि टीव्हीच्या उजेडात मथळा वाचला: 'फितुरांना ओळखा'. नाव घातलेलं नव्हतं. पण 'भाकरीच्या एका तुकड्यासाठी चेंबूरची वाट धरणारे' असं होतं. वाक्य कमिटीचं असेल म्हणून मी क्षणभर आशा धरली. पण भाषा बाबांची होती. त्यांच्या वाक्यांवर मी वाढले होते, त्यांचा स्वल्पविरामसुद्धा मला ओळखता यायचा. भोवती सर्र सर्र घड्या पडत होत्या. बेबी सगळ्यात भराभर घालत होती.

मी उठले आणि सिनेमा थांबवला. मुलीचा पाय मनोऱ्याच्या पायरीवर तसाच राहिला.

"ए, काय झालं गं?" मोरे म्हणाले. "कॅसेट अडकली काय?"

"या पत्रकात माझं नाव घाला," मी म्हटलं. "सावंतकाकांना मी सांगितलं. ते फितूर नाहीत. मशिनं गुजरातेत हलणार आहेत, कंपनीने पहिल्याच बैठकीत तसं सांगितलंय. बाबांना माहितेय. विचारा त्यांना."

पट्ट्या थांबल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. सगळे बाबांकडे वळले. मी आईकडे बघितलं; तिचे ओठ हलल्यासारखे वाटले, आणि मग तिने पदर सारखा केला. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मला खरंच वाटलं, आता ते सांगतील. आपली मुलगी चूक काढते तेव्हा खूश होणारा तो माणूस होता.

"शालन आता कॉलेजात जाते," बाबा म्हणाले. आवाज खाली, कुजबुजीइतका. "इंग्रजी वाचते. परवा मला या सिनेमाचा शेवट शिकवत होती." मग आवाज चढला. "काय म्हणते माहितेय? म्हणे, शेवटी गाव माफी मागतं! टोप्या काढून! आपलं गाव!"

खोली हसली. मोरे मांडीवर थाप मारून हसले. "वाट लागली इंग्रजीची!" बेबीसुद्धा हसली, तिला काय कळत होतं. त्यांनी मला खोटं पाडायला तीच एक गोष्ट वापरली जी खरी आहे हे आम्हा दोघांना, आणि आईला, ठाऊक होतं. बाबांनी वाकून बटण दाबलं. मुलगी पायऱ्या चढू लागली. "हं, तर बघा," बाबा सांगू लागले, "आता ती काय म्हणते..." आणि पट्ट्या पुन्हा सुरू झाल्या, सगळ्यांच्या. आईचीही.

मी बाहेर पडले. समोरच्या ओट्यावर सावंतकाकी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. काका अजून चेंबूरहून यायचे होते. मी त्यांच्या पायरीवर बसले. काकींनी मला बस म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही. आतून बाबांचा आवाज येत होता, शब्द नीट कळत नव्हते, नुसते चढ-उतार. मग टाळ्या पडल्या. काकींनी सुपातून मान वर केली. तो सिनेमा त्यांनीही आमच्याकडे कितीतरी वेळा बघितला होता.

"काय गो," त्या म्हणाल्या, "जिंकले काय गाववाले?"

"नाही, काकी," मी म्हटलं. "आत घ्या म्हणून माफी मागितली त्यांनी."